अकरावीच्या हुशार वर्गाला आरंभकाळाचं अमेरिकन साहित्य शिकवताना

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत अकरावीचं इंग्रजी म्हणजे अमेरिकन साहित्य. ते काळाच्या क्रमानं शिकवायची रीत असल्यामुळे सगळ्यात अवघड भाग सगळ्यात आधी येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात, मुलांची नावंही नीट पाठ झालेली नसताना, सतराव्या शतकातली प्रवचनं आणि वसाहतींचे वृत्तांत हातात घ्यावे लागतात. भारतातून आलेल्या शिक्षकाची पंचाईत जरा जास्तच होते. एमएला व्हिटमन, फ्रॉस्ट, हेमिंग्वे झालेले असतात, पण ब्रॅडफर्ड, ऑकम, बॅनेकर ही नावं बहुधा पहिल्यांदा स्टाफरूममध्येच कानावर पडतात. हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांत शिकवणाऱ्यांनाही यातलं बरंच काही वापरता येईल.

हा आरंभीचा, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांचा काळ तीन आठवड्यांत उरकायचा आणि एकोणिसाव्या शतकातल्या हॉथॉर्नकडे पळायचं, अशी अनेक ठिकाणी पद्धत आहे. मला ती मान्य नाही. या काळातले लेखक एकमेकांशी, आणि कित्येकदा स्वतःशीही, भांडत आहेत. जमीन कुणाची, देव कुणाच्या बाजूचा, माणूस म्हणून मोजायचं कुणाला, हे प्रश्न त्यांच्यासाठी जिवावरचे होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना 'प्युरिटन (न्यू इंग्लंडच्या कडव्या प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांच्या) साध्या शैलीची पाच वैशिष्ट्यं' यात काडीचा रस नसतो, भांडण मात्र त्यांना लगेच कळतं. म्हणून एकेक लेखक सुटा शिकवू नका. प्रत्येक मजकुरासमोर त्याला उत्तर देणारा किंवा त्याला उघडं पाडणारा दुसरा मजकूर ठेवा. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी वर्ग कोणता आहे ते समजून घ्या

'अॅडव्हान्स्ड' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. ऑनर्सच्या वर्गात तुम्ही साहित्य शिकवता: कविता, आत्मकथन, कथा. एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कुलातच कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) लँग्वेज अँड कॉम्पोझिशनच्या वर्गात मुख्य काम गद्याचं असतं: लेखक वाचकाला कसा पटवतो याचं विश्लेषण आणि स्वतःचा युक्तिवाद. एपी लँगला पुस्तकांची ठरलेली यादी नाही, निवड शिक्षकाची. अनेक शाळा अकरावीतच अमेरिकन साहित्य आणि एपी लँग एकत्र बसवतात, आणि तिथे हा काळ सोन्यासारखा उपयोगी पडतो, कारण प्रवचन, पत्रक, जाहीरनामा, पत्र हे सगळे पटवून देण्याचेच प्रकार आहेत.

कॉमन कोअर, म्हणजे अनेक राज्यांनी स्वीकारलेली शालेय मानकं, पाळणाऱ्या राज्यांत अकरावी-बारावीच्या अपेक्षांमध्ये अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पायाभूत अमेरिकन साहित्यकृती, तसेच सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले पायाभूत दस्तऐवज यांचा स्पष्ट उल्लेख आहे. 'एवढा वेळ जुन्या गोष्टींवर कशाला?' असं कुणी विचारलं तर हे उत्तर तयार ठेवा.

शाळा सुरू होण्याआधी डिपार्टमेंट हेडकडून तीन गोष्टी विचारून घ्या: वर्षभरात कोणती नाटकं आणि कादंबऱ्या ठरलेल्या आहेत, पुस्तकांचे कोणते संच कपाटात आहेत, आणि मुलांनी दहावीत काय वाचलं. मग इतिहासाच्या शिक्षकाला गाठा. अमेरिकेचा इतिहासही बहुधा अकरावीलाच असतो. तुम्ही स्वातंत्र्याचा जाहीरनामा घ्याल त्याच आठवड्यात तिकडे क्रांती आली, तर पार्श्वभूमी सांगण्यात तुमचे दोन-तीन तास वाचतात.

मजकूर थोडे घ्या, जोडीनं घ्या

पाठ्यपुस्तकात या काळाची शे-दीडशे पानं असतात. सगळी घ्यायची नाहीत. सात-आठ आठवड्यांत पाच-सहा जोड्या होतात, त्याही रोज गृहपाठाला दोन-तीन पानांपेक्षा जास्त न देता. दोन पानं नीट वाचणं हे वीस पानं चाळण्यापेक्षा कठीण आहे, आणि हुशार मुलांना नेमकी त्याचीच सवय नसते. ती भराभर वाचत आलेली असतात.

सुरुवात व्हर्जिनियाच्या वसाहतीतल्या जॉन स्मिथपासून करा, आणि त्याच्यासमोर खुद्द जॉन स्मिथलाच उभं करा. १६०७ च्या डिसेंबरात तो व्हर्जिनियात पॉवहाटनच्या लोकांच्या हाती सापडला. १६०८ साली लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या वृत्तांतात त्या लोकांचा प्रमुख, त्याचंही नाव पॉवहाटनच, त्याचं स्वागत करतो, बोलणी होतात आणि त्याला परत पाठवलं जातं. डोकं दगडावर ठेवल्याचा आणि पॉवहाटनच्या मुलीनं, पोकाहाँटसनं, मध्ये पडून जीव वाचवल्याचा प्रसंग त्यात नाही. तो येतो १६२४ च्या मोठ्या इतिहासग्रंथात, जिथे स्मिथ स्वतःविषयी 'कॅप्टन स्मिथ' असं तृतीय पुरुषात लिहितो. तोपर्यंत पोकाहाँटस आणि पॉवहाटन दोघंही हयात नव्हते. मुलांना दोन्ही उतारे तारखा झाकून द्या. आधीचा कोणता, नंतरचा कोणता, आणि कशावरून? कार्टून सिनेमातून आलेली पोकाहाँटस सगळ्यांच्या डोक्यात असतेच, त्यामुळे चर्चेला ढकलावं लागत नाही. खरं काय घडलं याचा निकाल लावत बसू नका. इतिहासकारांचंही त्यावर एकमत नाही. प्रश्न एवढाच ठेवा: १६२४ साली हा माणूस कुणासाठी लिहितोय आणि त्याला काय हवंय?

दुसरी जोडी प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याची, पुन्हा त्याच्याच पुस्तकातून. 'ऑफ प्लिमथ प्लँटेशन'च्या नवव्या प्रकरणात वसाहतवाल्यांचं मेफ्लॉवर जहाज किनाऱ्याला लागल्यावरचा प्रसिद्ध परिच्छेद आहे. स्वागताला मित्र नाहीत, विसाव्याला सराई नाही, समोर श्वापदांनी आणि रानटी माणसांनी भरलेलं भयाण रान. नकारामागून नकार रचत जाणारं हे गद्य मोठ्यानं वाचा, त्याची ताकद कानालाच कळते. बहुतेक पुस्तकं इथे थांबतात. तुम्ही अकराव्या प्रकरणाकडे जा. तिथे मूळ रहिवाशांपैकी स्क्वांटो, म्हणजे टिस्क्वांटम, येतो आणि इंग्रजीत बोलतो. हे कसं शक्य झालं? १६१४ साली थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानानं त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं, तिथून तो लंडनला पोहोचला आणि १६१९ साली परतला, तेव्हा त्याचं पटक्सेट गाव साथीनं ओस पडलेलं होतं. प्लिमथ वसलं ते त्याच जागेवर. दोन प्रकरणं शेजारी ठेवली की नवव्या प्रकरणातलं 'रान' मुलं पुन्हा वाचतात, आणि पहिल्यांदा न दिसलेलं बरंच काही त्यांना दिसतं. हे तुम्ही सांगू नका, त्यांना सापडू द्या.

मॅसाच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याचं १६३० चं प्रवचन घेणार असाल तर शेवटचा 'टेकडीवरचं नगर' हा तुकडा एकटा देऊ नका. केनेडींपासून रेगनपर्यंत सगळ्यांनी तो वापरल्यामुळे मुलांना तो अमेरिकेचं गुणगान वाटतो. प्रत्यक्षात तो इशारा आहे: आपण चुकलो तर जगभर आपली नाचक्की होईल. आणि प्रवचन सुरू होतं ते देवानंच काहींना श्रीमंत आणि काहींना गरीब केलं या वाक्यानं. पहिलं पान आणि शेवटचं पान एकत्र द्या, मधलं सोडा.

अॅन ब्रॅडस्ट्रीट या मॅसाच्युसेट्सच्या कवयित्रीला एक पूर्ण आठवडा द्यावा असं मला मनापासून वाटतं. १६५० साली तिच्या कविता लंडनमध्ये छापल्या गेल्या. तिच्या मेव्हण्यानं हस्तलिखित तिकडे नेलं होतं. स्वतःच्या पुस्तकाला उद्देशून तिनं लिहिलेल्या कवितेत ती त्याला वेडंवाकडं जन्मलेलं लेकरू म्हणते. तोंड पुसायला जावं तर आणखी डाग दिसतात. या सौम्य तक्रारीत केवढा अभिमान दडलाय हे आधी मुलींच्या लक्षात येतं असा माझा अनुभव आहे. मग १६६६ साली घर जळाल्यावरची कविता. ती राखेजवळून जाते आणि इथे पेटी होती, तिथे संदूक होती, असं एकेक आठवत राहते. शेवटी मन आवरून म्हणते, सगळं व्यर्थ, खरी संपत्ती स्वर्गात. वर्गाला एकच प्रश्न विचारा: तिचं हे आवरणं तुम्हाला खरं वाटतं का? उत्तर द्यायचं ते ओळीवर बोट ठेवून. यात कुणाचंच उत्तर चूक ठरत नाही, पण पुराव्याशिवाय कुणालाच बोलता येत नाही. वर्षभराची शिस्त इथे लागते.

मेरी रोलंडसनचं बंदिवासाचं आत्मकथन लांब आहे, त्यामुळे निवडून घ्या. इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या किंग फिलिपच्या युद्धात, १६७६ च्या फेब्रुवारीत, मूळ रहिवाशांनी मॅसाच्युसेट्समधल्या लँकेस्टरवर हल्ला केला. तिला पकडून नेलं, सहा वर्षांची मुलगी वाटेत दगावली, आणि मे महिन्यात वीस पौंड खंडणीवर तिची सुटका झाली. पुस्तक १६८२ साली आलं. तिचं मत आणि तिनं पाहिलेलं यांत सतत अंतर पडतं. मतानुसार पकडणारे सैतानाचे दूत. पण तिच्याच लेखणीतून त्यांचा पुढारी मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणत, आपल्या मुलासाठी तिच्याकडून सदरा शिवून घेतो आणि शिलिंग देतो. आधी जे अन्न किळसवाणं वाटलं तेच पुढे ती चवीनं खाते, आणि एका ठिकाणी भुकेल्या इंग्रज मुलाच्या हातातला घोड्याच्या खुराचा तुकडा काढून घेऊन स्वतः खाते. हा प्रसंग वाचल्यावर वर्ग गप्प होतो. त्याला लगेच अर्थ चिकटवू नका, जरा थांबा. याच युद्धात खंडणीच्या पत्रव्यवहारात इंग्रजी लिहिणारा जेम्स प्रिंटर हा निपमक जमातीचा होता, आणि १६६३ साली मॅसाच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये मॅसाच्युसेट भाषेतलं बायबल छापलं गेलं त्या छापखान्यात त्यानं काम केलं होतं. 'सुसंस्कृत' आणि 'रानटी' या दोन खणांत हा माणूस बसवून दाखवा म्हणावं.

मला सगळ्यात आवडती जोडी फ्रँकलिन आणि सॅमसन ऑकम. फ्रँकलिननं १७७१ साली आत्मचरित्र लिहायला घेतलं. तेरा सद्गुणांची वही, आठवड्याला एक गुण, तेरा आठवड्यांचा फेरा, वर्षाला चार फेरे. मुलांना आठवडाभर एक गुण पाळायला सांगण्याचा उपक्रम खूप शाळांत चालतो. हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर फ्रँकलिन म्हणजे सुविचारांचं कॅलेंडर होऊन बसतो. त्याच्या लगेच नंतर ऑकमचं १७६८ मधलं छोटं आत्मकथन द्या. ऑकम मोहिगन जमातीचा. स्वकष्टानं इंग्रजी शिकला, धर्मोपदेशक झाला, शाळा चालवली, पुस्तकं बांधली, बंदुकीचे दस्ते केले, शेती केली. फ्रँकलिनचे सगळे गुण त्याच्यात आहेत. तरी तो हिशेब मांडतो: बारा वर्षांच्या सेवेबद्दल मला जे १८० पौंड मिळाले, तेवढेच दुसऱ्या मिशनवर एका वर्षात खर्च झाले. आणि शेवटी म्हणतो की मी गरीब इंडियन आहे म्हणूनच हे झालं असावं, पण मला देवानं असं घडवलं, मी स्वतःला असं घडवलेलं नाही. स्वतःला घडवलेल्या माणसाच्या गोष्टीला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. हे आत्मकथन त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही, हेही मुलांना जरूर सांगा.

मूळ रहिवाशांचं साहित्य म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पानावरची एक सृष्टिकथा, असा पाठ्यपुस्तकांचा हिशेब असतो. सृष्टिकथा घ्या, पण ती कुणी, कधी लिहून ठेवली ते सांगून. टस्करोरा जमातीच्या डेव्हिड कुसिकनं हॉडेनोशोनींची (इरोक्वॉय जमातींच्या संघाची) कथा इंग्रजीत छापली ती १८२७ साली. ती 'सगळ्यात आधीचं साहित्य' म्हणून देण्यापेक्षा, आपला इतिहास आपणच लिहायचा असं एका लेखकानं ठरवलं, म्हणून द्या. आणि बोलताना नेहमी त्या-त्या लोकांचं नाव घ्या: वाँपनोआग, निपमक, मोहिगन.

जुन्या इंग्रजीची भीती

ही भीती मुलांपेक्षा नव्या शिक्षकालाच जास्त असते. उपाय साधा आहे: मोठ्यानं वाचणं. यातलं निम्मं साहित्य कानांसाठीच लिहिलेलं होतं. आधी तुम्ही वाचा. उच्चार अमेरिकन नाहीत याची मुळीच काळजी करू नका, ब्रॅडफर्डचेही नव्हते. मग मुलांकडून वाचून घ्या.

लांब वाक्य आलं की फळ्यावर मोडून दाखवा: आधी मुख्य क्रियापद शोधायचं, मग कर्ता, मग बाकीच्या फांद्या. जुन्या छपाईतली, वेगळ्या स्पेलिंगची मूळ पानं एकदा तरी दाखवा. 'एस'च्या जागी 'एफ'सारखं अक्षर पाहून मुलं हसतात आणि मग स्वतःहून वाचायला लागतात. त्यांना आधुनिक इंग्रजीतलं रूपांतर देऊ नका, कारण रूपांतर हातात असलं की मूळ कुणी वाचत नाही. जिथे शब्द अडेल तिथे समासात अर्थ द्या. मजकूर मिळवायला पैसे लागत नाहीत. हे सगळं स्वामित्वहक्काबाहेर आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस, नॅशनल आर्काइव्ह्जचं फाउंडर्स ऑनलाइन, मॅसाच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग इथे जवळजवळ सगळं सापडतं.

एक कविता, तीन तास: फिलिस व्हीटली

सात-आठ वर्षांची असताना, १७६१ साली, गुलामांच्या जहाजातून ती बॉस्टनला आली. जहाजाचं नाव फिलिस, तेच तिला चिकटवलं गेलं. १७७३ साली तिचा संग्रह लंडनमध्ये निघाला, तेव्हा कविता खरंच हिच्या आहेत असं सांगणारं, बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांच्या सह्यांचं निवेदन पुस्तकाला जोडावं लागलं. आफ्रिकेतून अमेरिकेत आणलं जाण्याविषयीची तिची आठ ओळींची कविता तुमच्या मजकुरांत असायलाच हवी. सगळ्यात चुकीची शिकवली जाणारी कविताही तीच.

पहिल्या तासाला कवितेशिवाय काहीही देऊ नका: चरित्र नाही, चित्र नाही. पहिल्या चार ओळींचा सूर कृतज्ञतेचा आहे: दयेनंच मला माझ्या मूर्तिपूजक देशातून इथे आणलं, देव आहे आणि तारणहार आहे हे शिकवलं. मुलं अस्वस्थ होतात, काही चिडतात. चिडू द्या. त्यांना लिहायला सांगा: ही बोलणारी व्यक्ती कुणाशी बोलतेय असं वाटतं?

दुसऱ्या तासाला शेवटच्या चार ओळी. पाचव्या ओळीत 'सम', म्हणजे काही लोक, आमच्या काळ्या वंशाकडे तुच्छतेनं बघतात. म्हणजे सगळे नाही, आणि वाचकाला ठरवावं लागतं की आपण त्या 'काहीं'पैकी आहोत का. सहावी ओळ अवतरणचिन्हांत आहे, ते शब्द तिचे नाहीत, त्या लोकांचे आहेत. सातवी ओळ आज्ञार्थानं सुरू होते: 'रिमेम्बर'. गुलाम असलेली एक मुलगी ख्रिस्ती वाचकांना आज्ञा देतेय. मग स्वल्पविराम बघायला सांगा. 'रिमेम्बर, ख्रिश्चन्स, नीग्रोज, ब्लॅक अॅज केन'. इथे ख्रिश्चनांना हाक मारली आहे, की ख्रिश्चन आणि नीग्रो दोघंही केनसारखे (बायबलमधला, भावाचा खून करणारा केन) काळे असं म्हटलंय? व्याकरण दोन्ही वाचनांना वाट देतं. 'डाय' आणि 'रिफाइन्ड' हे शब्द रंग आणि साखर यांच्या व्यापारातलेही आहेत, आणि तो व्यापार गुलामांच्या श्रमावर उभा होता, असं काही अभ्यासक दाखवतात. हे शेवटी सांगा, आधी नाही.

तिसऱ्या तासाला तिचं १७७४ चं सॅमसन ऑकमला लिहिलेलं पत्र. आता ती मुक्त झालेली आहे, आणि कवितेत जे आडून होतं ते इथे उघड आहे: प्रत्येक माणसाच्या उरात देवानं स्वातंत्र्याची ओढ पेरली आहे, आणि स्वातंत्र्याच्या घोषणा देता देता दुसऱ्यांवर सत्ता गाजवणाऱ्यांचं वागणं किती विसंगत आहे हे कळायला तत्त्वज्ञ असावं लागत नाही. हे पत्र त्या काळच्या वर्तमानपत्रांतून छापलं गेलं. ते वाचून झाल्यावर मुलांना पहिल्या दिवशीचं स्वतःचं लिखाण परत द्या आणि त्याखाली उत्तर लिहायला सांगा. मी यासाठी वेगळी परीक्षा घेत नाही.

धर्माचा प्रश्न

सरकारी शाळेत बायबलचे संदर्भ शिकवावे का, ही शंका नव्या शिक्षकाला हमखास येते. शिकवावेत. १९६३ च्या अॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शाळेतलं भक्तिपर बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण साहित्य आणि इतिहास म्हणून धर्मग्रंथांचा अभ्यास करायला मोकळीक असल्याचंही त्याच निकालात म्हटलं. तेव्हा केन कोण, निर्गमन म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगायला संकोचू नका. वर्गात ख्रिस्ती, मुस्लीम, हिंदू, कोणताच धर्म न मानणारी, अशी सगळी मुलं असतात. कुणालाही आपल्या श्रद्धेचा खुलासा करायला लावायचा नाही.

न्यू इंग्लंडचा धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स शिकवताना खरी कसोटी इथे लागते. ८ जुलै १७४१ रोजी एनफील्डला दिलेलं त्याचं प्रवचन म्हणजे नरकाच्या आगीवर धरलेला कोळी, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. मुलांना त्याच्या सर्वनामांचा माग काढायला लावा. पहिल्या भागात तो पापी लोकांबद्दल 'ते' म्हणून बोलतो. उपयोजनाचा भाग आला की 'तुम्ही' सुरू होतं आणि शेवटपर्यंत सुटत नाही. ऐकणाऱ्यांनी मध्येच आक्रोश केला तो का, हे मग आपोआप कळतं. आणि प्रवचनाचा शेवट बोलावण्याचा आहे, दार अजून उघडं आहे असं सांगणारा. तो भाग कापू नका. सोबत त्यानं तरुणपणी लिहिलेलं, हवेत धाग्यांवर तरंगणाऱ्या कोळ्यांच्या निरीक्षणाचं पत्र द्या. त्यात निखळ आनंद आहे. कोळ्याकडे इतक्या मायेनं बघणाराच हा माणूस, हे कळलं की एडवर्ड्सला खलनायक करून मोकळं होता येत नाही.

मराठी शिक्षकाला एडवर्ड्स आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच्या विचारांच्या प्रभावात वाढलेल्या न्यू इंग्लंडच्या मंडळींनी बॉस्टनमधून जी परदेशी मिशन चालवली, तिचे धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईत उतरले. तीच अमेरिकन मराठी मिशन. 'ज्ञानोदय' तिचाच, आणि अहमदनगरला रेव्हरंड टिळकांनी काम केलं ते तिच्याचबरोबर. पुढे क्रांतीच्या काळातला पत्रककार थॉमस पेन घ्याल तेव्हा जोतीराव फुल्यांची आठवण काढायला हरकत नाही. पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'चा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना अर्पण केली. वर्गात यासाठी पाच मिनिटं पुरेत. पण तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी हा धागा मोलाचा आहे. अमेरिकन मुलांनाही आपल्या पत्रकांचं पुढे इतक्या दूर काय झालं हे ऐकून नवल वाटतं.

वंश आणि गुलामगिरीवर बोलताना

काही नियम मी कधीच मोडत नाही. वर्गातल्या कृष्णवर्णीय किंवा मूळ रहिवासी विद्यार्थ्याकडे 'तुला काय वाटतं?' अशा नजरेनं बघायचं नाही. कुणी एकजण त्याच्या समाजाचा प्रवक्ता नाही. गुलामांचा लिलाव, जहाज, असल्या गोष्टींचं नाट्यीकरण कधीही करायचं नाही. मजकुरातले अपमानकारक शब्द कसे वाचायचे किंवा वाचायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवून सांगायचं. गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांत वंशाबद्दलच्या अध्यापनावर कायदे आले आहेत. आपल्या राज्यात आणि डिस्ट्रिक्टमध्ये काय लागू आहे ते आधी वाचा आणि आपली यादी डिपार्टमेंट हेडला लेखी द्या. मूळ कागदपत्रांवर चालणाऱ्या तासाला सहसा कुणी आक्षेप घेत नाही.

'द क्रूसिबल', म्हणजे सेलमच्या चेटूक-खटल्यांवरचं आर्थर मिलरचं नाटक, बहुतेक शाळांत ठरलेलं असतं. तेव्हा एक तास सेलमच्या खऱ्या नोंदींना द्या. १६९२ साली एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी दगडांखाली चिरडला गेला. खरी अॅबिगेल अकरा-बारा वर्षांची आणि प्रॉक्टर साठीचा होता. मिलरनं वयं का बदलली, हा निबंधाचा उत्तम विषय आहे.

लिहितं करणं

एपी लँगच्या परीक्षेत तीन निबंध असतात, त्यातला एक वक्तृत्वविश्लेषणाचा. गुण सहा: एक विधानाला, चार पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला, एक प्रगल्भतेला. हुशार मुलंही इथे अलंकारांची जंत्री करतात: इथे उपमा, तिथे पुनरुक्ती. ही खोड जायला एकच औषध आहे: प्रत्येक वाक्यात लेखक 'काय करतो' ते क्रियापदानं सांगायला लावा. लाजवतो, आठवण करून देतो, मान देऊन अडकवतो.

त्यासाठी बेंजामिन बॅनेकरचं पत्र घ्या. जन्मानं मुक्त असलेला हा मेरीलँडचा कृष्णवर्णीय गणिती. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्यानं परराष्ट्रमंत्री जेफरसनला आपल्या पंचांगाचं हस्तलिखित आणि सोबत पत्र पाठवलं. पत्रभर आदराचं 'सर' आहे, आणि त्या आदराच्या आडून तो जेफरसनचेच जाहीरनाम्यातले शब्द त्याच्यापुढे ठेवतो: तुम्ही ब्रिटनच्या जुलमाबद्दल हे लिहिलंत, मग माझ्या बांधवांना बळानं आणि कपटानं डांबून कसं ठेवता? एपीच्या परीक्षेत हे पत्र येऊन गेलेलं आहे. त्याआधी दोन दिवस जाहीरनाम्याच्या कच्च्या मसुद्यावर घालवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रतीवर 'सेक्रेड अँड अनडिनायबल' खोडून 'सेल्फ-एव्हिडंट' केलेलं दिसतं. हा बदल युक्तिवादाचं काय करतो, यावर अख्खा तास जातो. आणि गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा जो परिच्छेद काँग्रेसनं काढून टाकला, तो मुलांना वाचायला द्या. लिहिणाऱ्याकडे स्वतःचे गुलाम होते हे मुलं बहुधा तुमच्या आधी सांगतात. मग बॅनेकर.

निबंध वर्गातच, हातानं, चाळीस मिनिटांत लिहून घ्या. घरी दिलेला निबंध आता नक्की कुणाचा हे सांगता येत नाही. पहिल्या दोन निबंधांना गुण न देता फक्त शेरे द्या. पालकांचे ईमेल येतील. त्यांना पहिल्या आठवड्यातच कळवून ठेवलं तर कमी येतील.

शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांची गोल बसून चर्चा ठेवा. प्रश्न मुलांनी तयार करायचे, बोलायचं त्यांनीच, आणि प्रत्येकानं किमान दोन लेखकांना एकमेकांसमोर उभं करायचं. तुम्ही वर्तुळाबाहेर बसून कोण कुणाला उत्तर देतंय एवढंच वहीत टिपत राहा. त्यानंतरच्या परीक्षेला कधीच न पाहिलेला उतारा द्या. ज्युडिथ सार्जंट मरीचा स्त्री-पुरुष समतेवरचा १७९० चा निबंध किंवा गुलामीतून मुक्त झालेल्या इक्वियानोच्या १७८९ च्या आत्मकथनातलं जहाजावरचं वर्णन चांगलं चालतं. त्याला उत्तर देणारा मजकूर मात्र तुम्ही पुरवायचा नाही. वाचलेल्यांतून तो मुलांनीच निवडायचा आणि निवड का केली ते लिहायचं.